भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (जन्म: शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील भारतीय गणिती आणि ज्योतिर्विद होते. सातव्या शतकात होऊन गेलेल्या भास्कर या ज्योतिर्विदापासून वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांना भास्कर द्वितीय असेही म्हणतात. सिद्धान्तशिरोमणि हा त्यांचा मुख्य ग्रंथ असून लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. लीलावती हे अंकगणित व भूमिती यांवरील पुस्तक सुमारे सात शतके भारतभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरले गेले. दिलेल्या वस्तूंतून किती प्रकारे निवड करता येते आणि त्या किती प्रकारे मांडता येतात, हे मोजण्याचे नियम या ग्रंथात सुबोधपणे दिले आहेत. आज शाळेत क्रमयोग व संयोग या नावांनी शिकवले जाणारे गणित ते हेच. पत्त्यांच्या खेळातील संभाव्यतेचे सर्व हिशेब याच गणनेवर उभे असतात.

घराणे

भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती दोन ठिकाणांहून मिळते. पहिले त्यांचे स्वतःचे ग्रंथ. गोलाध्यायाच्या अखेरीस त्यांनी आपले जन्मवर्ष सांगितले असून वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, सिद्धान्तशिरोमणि रचल्याचे नमूद केले आहे. आपले गोत्र शांडिल्य असून पिता महेश्वर हेच आपले गुरू होत, असेही ते तेथे सांगतात. भारतीय शास्त्रकारांच्या बाबतीत शतकाचाही मेळ लागत नाही असा अनुभव अनेकदा येतो. त्या तुलनेत भास्कराचार्यांनी दिलेली ही माहिती अभ्यासकांना मोठी सोय ठरली आहे.

दुसरे साधन म्हणजे जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात असलेल्या पाटण (पाटणे) येथील शिलालेख. तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्धीस आणला. लेखात या घराण्याच्या पिढ्या क्रमाने येतात: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, त्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. यांपैकी भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. लक्ष्मीधर सर्व शास्त्रांत निष्णात आहे असे पाहून यादव राजा जैत्रपाल याने त्याला या नगरातून नेले आणि आपल्या पंडितांचा प्रमुख केले, असे लेख सांगतो. चांगदेव हा जैत्रपालाचा पुत्र सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता.

लेखाचे निमित्त एका मठाची स्थापना हे आहे. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे यासाठी चांगदेवाने पाटण येथे मठ उभारला आणि यादवांचा मांडलिक निकुंभवंशीय सोइदेव याने इ.स. १२०७ मध्ये त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. दानाचा तपशील मात्र तत्कालीन मराठीत दिला आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा वाटा मठाला द्यावा आणि चालू असलेल्या प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशी ती व्यवस्था आहे. मराठीच्या आरंभकाळातील कोरीव लेखांमध्ये या ओळींना म्हणूनच भाषेच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. एका गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी घाणेवाल्यांच्या तेलातून तरतूद झाल्याचे असे उदाहरण भारतीय इतिहासात विरळच म्हणावे लागेल.

जन्मस्थानाचा प्रश्न

आपण सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नावाच्या नगरात राहतो, असे भास्कराचार्यांनी लिहिले आहे. हे नगर कोणते याविषयी मतभेद आहेत. नावातील साम्यामुळे काहींनी ते कर्नाटकातील विजापूर मानले, तर काहींनी मराठवाड्यातील बीड. महाराष्ट्रातील अनेक अभ्यासक पाटण किंवा त्याच्या परिसराकडे झुकतात. सतराव्या शतकातील टीकाकार मुनीश्वर याने आपल्या मरीचि या टीकेत हे गाव महाराष्ट्रात, विदर्भ म्हणजेच वऱ्हाड देशाजवळ आणि गोदावरीपासून पाच कोसांवर असल्याचे म्हटले आहे.

या वर्णनातील प्रत्येक खूण एकाच जागी जुळत नाही, ही खरी अडचण आहे. पाटण हे गाव सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत आहे. हीच रांग पूर्वेकडे जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात, शिरते. त्यामुळे सह्याद्रीचा फाटा आणि वऱ्हाडाचे सान्निध्य या दोन्ही खुणा पाटणला लागू पडतात. पाच कोसांची खूण मात्र लागू पडत नाही. पाटणपासून गोदावरी बरीच दूर आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यातील कोणतेही गावही नदीच्या इतके निकट नाही. शिवाय मुनीश्वर भास्कराचार्यांनंतर सुमारे पाच शतकांनी लिहीत होता. शिलालेखाचा पुरावा याहून जुना आणि भक्कम आहे. लक्ष्मीधराला या नगरातून नेले असे तो सांगतो, तेव्हा निदान भास्कराचार्यांच्या पुत्राच्या काळी हे कुटुंब पाटण येथे राहत होते, हे मान्य करावे लागते. त्याच तालुक्यातील बहाळ येथे सापडलेल्या इ.स. १२२२ च्या शिलालेखातही याच घराण्यातील अनंतदेव या ज्योतिष्याचा उल्लेख आहे.

भास्कराचार्य उज्जयिनीच्या वेधशाळेचे प्रमुख होते, असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. त्याला त्यांच्या ग्रंथांत किंवा घराण्याच्या लेखांत आधार नाही. भारतीय ज्योतिषात मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानत, त्यावरून ही समजूत रूढ झाली असावी.

लीलावती

लीलावतीच्या आरंभी नाणी, वजने आणि मापे यांची कोष्टके आहेत. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, अशी ही चढती मोजणी आहे. पुढे पूर्णांक व अपूर्णांकांवरील क्रिया, शून्याचे नियम, त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रफळे, धान्याच्या राशी, छाया, कुट्टक आणि शेवटी अंकपाश असे विषय येतात. नियम थोडक्या शब्दांत, पद्यात दिलेले आहेत आणि त्यांच्याखाली उदाहरणे आहेत.

ग्रंथाची लोकप्रियता बहुतांशी या उदाहरणांमुळे टिकली. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या पायथ्याशी बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे. दोघांची गती सारखी असेल तर मोर सापाला बिळापासून किती अंतरावर गाठेल, असे एक उदाहरण आहे. उत्तर बारा हात. पाण्यावर अर्धा हात वर असलेले कमळ वाऱ्याने झुकून दोन हातांवर बुडाले, तर पाण्याची खोली किती, असे दुसरे. उत्तर पावणेचार हात. दोन्हींच्या मुळाशी काटकोन त्रिकोणाचा नियम आहे, पण विद्यार्थ्याला तो तळ्याकाठी भेटतो.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी मांडलेल्या घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि तिचे सांत्वन करण्यासाठी पित्याने तिच्या नावे ग्रंथ लिहिला, ही कथा सर्वश्रुत आहे. ती अकबराच्या दरबारातील फैजीने इ.स. १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. ग्रंथातील काही उदाहरणे बालिकेला किंवा हरिणाक्षीला उद्देशून आहेत हे खरे, पण काही मित्राला तर काही व्यापाऱ्याला उद्देशूनही आहेत. पाटणच्या लेखात कन्येचा उल्लेख नाही. कथा हृद्य आहे. चरित्राचा पुरावा म्हणून ती घेता येत नाही.

संयोग आणि अंकपाश

निवडींची गणना भास्कराचार्यांपूर्वीही भारतात होत असे. सुश्रुतसंहितेत सहा रसांचे त्रेसष्ट भेद सांगितले आहेत. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या मांडणीची गणना आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडून होणाऱ्या गंधांची संख्या १८२० दिली आहे. नवव्या शतकातील महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात संयोगांचा सर्वसाधारण नियम मांडला. म्हणजे हा नियम भास्कराचार्यांनी शोधून काढला असे म्हणणे बरोबर नाही. विखुरलेल्या शास्त्रांतील ही गणना त्यांनी एका पाठ्यपुस्तकात आणली आणि हा एकच नियम छंद, शिल्प व वैद्यक या सर्वांना चालतो, हे शिकणाऱ्याला दाखवून दिले. त्यांचे श्रेय तेथे आहे.

नियम असा आहे. वस्तूंची संख्या वरून खाली उतरत्या क्रमाने मांडावी आणि तिच्याखाली एकपासून चढते अंक लिहावेत. पहिल्याला पहिल्याने भागले की एकेक वस्तूच्या निवडी मिळतात. ते उत्तर पुढच्या वरच्या अंकाने गुणून त्याच्या खालच्या अंकाने भागले की दोन-दोन वस्तूंच्या, मग तीन-तीनच्या, याप्रमाणे पुढे. सहा रसांना हे लावले असता ६, १५, २०, १५, ६ आणि १ अशा संख्या येतात, बेरीज ६३. आठ झरोके असलेल्या राजवाड्याचे एक उदाहरण आहे: एक, दोन, तीन असे झरोके उघडे ठेवून वारा घेण्याचे किती प्रकार होतील? उत्तरे ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८ आणि १, एकूण २५५. गायत्री छंदाच्या सहा अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरुभेदाने ६४ प्रकार होतात, तर चोवीस अक्षरांच्या संपूर्ण छंदाचे १,६७,७७,२१६.

ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणाला अंकपाश असे नाव आहे. येथे निवडीऐवजी मांडणीचा, म्हणजे कोणती वस्तू कोणत्या स्थानी, याचा विचार आहे. विष्णूच्या चार हातांतील गदा, चक्र, कमळ आणि शंख यांची अदलाबदल केल्यास २४ मूर्तिभेद होतात. शंकराच्या दहा हातांतील पाश, अंकुश, सर्प, डमरू इत्यादी दहा वस्तूंच्या अदलाबदलीने ३६,२८,८०० होतात. मूर्तिशास्त्रात हातांतील आयुधांच्या क्रमावरून मूर्तीचे नाव ठरते, हे माहीत असलेल्या वाचकाला हे उदाहरण केवळ कल्पनेचे वाटणार नाही. दोन ते नऊ या आठ अंकांनी होणाऱ्या ४०,३२० संख्यांची बेरीज न मांडता कशी काढावी, हेही भास्कराचार्य दाखवतात. ती २४,६३,९९,९९,७५,३६० येते. अंक पुन्हा पुन्हा येत असतील तर गणना कशी कमी होते हे पुढे येते. चार, आठ आणि तीन वेळा पाच या अंकांच्या पाच-अंकी संख्या १२० होत नाहीत, फक्त २० होतात. शून्य न वापरता पाच अंकांची बेरीज तेरा होईल अशा संख्या किती, या प्रश्नाचे उत्तर ४९५ आहे.

विषय अफाट आहे म्हणून तो थोडक्यात सांगितला, अशा आशयाची कबुली भास्कराचार्यांनी दिली आहे. तो विस्ताराने मांडण्याचे काम पुढे नारायण पंडिताने इ.स. १३५६ च्या गणितकौमुदीत केले. मधल्या काळात देवगिरीला याच गणनेचा वेगळा उपयोग झाला. ज्या सिंघणाच्या दरबारी चांगदेव ज्योतिषी होता, त्याच दरबारात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. सात स्वरांच्या क्रमबदलाने ५०४० ताना होतात आणि त्यांपैकी अमुक क्रमांकाची तान कोणती हे खंडमेरूच्या साह्याने कसे ओळखावे, याचे विवेचन त्यात आहे. शार्ङ्गदेवाने लीलावती पाहिली होती असे यावरून सिद्ध होत नाही, पण दोन्ही विद्या एकाच राजधानीत नांदत होत्या.

पत्त्यांच्या खेळातील उपयोग

भास्कराचार्यांच्या काळी भारतात पत्ते खेळले जात असल्याचा पुरावा नाही. गंजिफाचा भारतातील प्रारंभीचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात, इ.स. १५२७ च्या नोंदीत येतो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा दहा रंगांची व प्रत्येकी बारा पानांची, म्हणजे १२० पानांची असते. लीलावतीतील नियम तिला लावला तर १२० आणि ११९ यांचा गुणाकार दोनाने भागून पानांच्या ७१४० जोड्या निघतात. बावन्न पानांच्या तीन पत्तीत तीन पानांचे २२,१०० संयोग होतात. त्यांपैकी तिन्ही पाने सारख्या किमतीची असलेले फक्त ५२, म्हणजे ४२५ वाटपांत सरासरी एक.

या गणनेचा सर्वांत पद्धतशीर वापर आज पोकरमध्ये होतो. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येक खेळाडूला प्रथम दोन पाने मिळतात आणि ती पाहून डावात उतरायचे की पाने टाकायची हे ठरवावे लागते. बावन्नातून दोन पानांच्या निवडी ५२ गुणिले ५१ भागिले २, म्हणजे १३२६ होतात. यांत एकाच किमतीच्या जोड्या ७८ आहेत, कारण तेरा किमतींपैकी प्रत्येकीची चार पाने आणि चारातून दोनाच्या निवडी सहा. दोन वेगळ्या किमतींची पण एकाच चिन्हाची, उदाहरणार्थ दोन्ही बदामाची, पाने ३१२ प्रकारांनी येतात आणि वेगळ्या चिन्हांची ९३६ प्रकारांनी. आरंभी सर्व चिन्हे समान मोलाची असल्याने खेळाडू या १३२६ निवडी १६९ गटांत बसवतात. मात्र हे गट सारख्या वजनाचे नाहीत. दोन एक्के सहा प्रकारांनी येतात, एकाच चिन्हाचे एक्का-राजा चार प्रकारांनी आणि वेगळ्या चिन्हांचे एक्का-राजा बारा प्रकारांनी. नवखा खेळाडू १६९ गट मोजतो आणि चुकतो; मोजायच्या असतात १३२६ निवडी. अंक पुन्हा पुन्हा आल्यावर मांडण्यांची संख्या बदलते, हा अंकपाशातील धडा येथे वेगळ्या रूपात भेटतो.

कोणत्या पानांवर उतरायचे याची यादी बसण्याच्या जागेनुसार बदलते. नऊ जणांच्या डावात पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या मागे आठ जण निर्णय घ्यायचे बाकी असतात. पाने वाटणाऱ्याच्या जागी बसलेल्याच्या मागे फक्त दोघे. राण्यांची, राजांची किंवा एक्क्यांची जोडी मिळण्याचे १८ प्रकार आहेत, म्हणजे कोणत्याही एका खेळाडूकडे ती असण्याची शक्यता सुमारे १.४ टक्के. आठ जणांपैकी निदान एकाकडे ती असण्याची शक्यता सुमारे १० टक्के होते, दोघांपैकी एकाकडे असण्याची जेमतेम ३ टक्के. शिवाय वाटणाऱ्याच्या जागेवरील खेळाडू पुढच्या प्रत्येक फेरीत सर्वांचे पाहून शेवटी बोलतो. त्यामुळे पहिल्या जागेवरून सत्तीपासून वरच्या सर्व जोड्या (४८), एकाच चिन्हाचे एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी व राजा-राणी (२०) आणि वेगळ्या चिन्हांचे एक्का-राजा व एक्का-राणी (२४) एवढेच घेतले, तर यादी ९२ निवडींची, सुमारे ७ टक्क्यांची होते. शेवटच्या जागेवरून सर्व जोड्या आणि एक्का असलेली प्रत्येक निवड घेतली, तर ७८ आणि १९२ मिळून २७० होतात, म्हणजे २० टक्क्यांहून अधिक. प्रत्यक्ष खेळात या सीमा प्रतिस्पर्ध्यांनुसार व हाताशी असलेल्या रकमेनुसार सरकतात, पण त्या आखण्याची रीत हीच. आपल्या हातात एक एक्का असेल, तर उरलेल्या तीन एक्क्यांतून दोनाच्या निवडी तीनच राहतात. म्हणजे समोरच्याकडे दोन एक्के असण्याचे प्रकार निम्म्यावर येतात. हे गणित तोंडी करता येण्याजोगे आहे आणि ते लीलावतीच्या नियमापलीकडचे नाही.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. भास्कराचार्यांनी शक्यता मोजल्या, त्यांना वजन दिले नाही. अमुक प्रकारांपैकी तमुक घडण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न लीलावतीत कोठेही नाही. तो प्रश्न गणिताचा विषय झाला तो इ.स. १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा यांच्यातील जुगाराच्या डावाविषयीच्या पत्रव्यवहारानंतर. संयोगांच्या गणनेला भारतात छंद, औषधे, मूर्ती आणि ताना यांनी चालना दिली. द्यूत येथे वेदकाळापासून माहीत असूनही ते तिचे निमित्त ठरले नाही. असे का झाले, हा गणिताच्या इतिहासातील एक रंजक प्रश्न आहे.

बीजगणित

बीजगणित या भागात धन-ऋण संख्या, करणी, अव्यक्त राशी आणि वर्गसमीकरणे आहेत. शून्याने भागलेल्या संख्येला त्यांनी खहर म्हटले असून तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, असे सांगितले आहे. या भागाचा मुकुटमणी म्हणजे चक्रवाल पद्धती. एका संख्येच्या वर्गाला दिलेल्या अंकाने गुणून त्यात एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधण्याची ही रीत आहे. गुणक ६१ असताना भास्कराचार्यांनी लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० दिले आहे. त्यापासून मिळणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. फर्माने इ.स. १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून जे प्रश्न पाठवले, त्यांत याच अंकाचा प्रश्न होता.

ज्योतिष

ग्रहगणित आणि गोलाध्याय हे भाग मुख्यतः ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील आहेत. ग्रहाची दिवसभराची सरासरी गती आणि त्या क्षणाची गती यांत भास्कराचार्यांनी भेद केला. दुसरीला ते तात्कालिक गती म्हणतात व ती काढताना ज्येतील बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे वापरतात. चलनकलनाची ही बीजे आहेत असे अनेक इतिहासकार मानतात. संपूर्ण शास्त्र मात्र त्यातून उभे राहिले नाही. गोलाध्यायात पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती असल्याचे म्हटले आहे. त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधी सांगितला गेला असा दावा केला जातो, पण आकर्षण आहे असे म्हणणे आणि ते अंतराप्रमाणे कसे बदलते याचा नियम देणे या निराळ्या गोष्टी आहेत. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीवर स्वतःच वासनाभाष्य लिहून रीतींच्या उपपत्ती दिल्या. पंचांगकर्त्यांसाठी त्यांनी करणकुतूहल हा सुटसुटीत ग्रंथ रचला. त्यातील गणिताचा आरंभ शके ११०५ (इ.स. ११८३) पासून धरला आहे, म्हणजे तो त्यांच्या वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षाच्या सुमाराचा होय.

टीका, भाषांतरे आणि स्मृती

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. नियमांच्या उपपत्तींसाठी ती आजही पाहिली जाते. बीजगणितावर कृष्ण दैवज्ञाची टीका आहे. इंग्रजीत लीलावतीचे जॉन टेलर यांनी केलेले भाषांतर इ.स. १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले आणि पुढच्याच वर्षी हेन्री कोलब्रुक यांचे लीलावती व बीजगणिताचे भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात भास्कराचार्यांचा काळ, स्थान आणि कार्य यांची चिकित्सा केली, तर ना. ह. फडके यांनी लीलावती पुनर्दर्शन या पुस्तकातून ग्रंथ आधुनिक वाचकापुढे ठेवला.

भारताने इ.स. १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या पृथ्वीनिरीक्षण उपग्रहांना भास्कर-१ व भास्कर-२ अशी नावे देण्यात आली. इ.स. २०१४ मध्ये भास्कराचार्यांच्या जन्माला नऊशे वर्षे पूर्ण झाली. पाटण येथील चांगदेवाचा मठ आज उभा नाही. पाटणादेवीचा परिसर आता गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो.